‘उद्यम काढा आणि फोटो स्टुडिओ उघडा’ या दाव्याचा प्रतिवाद

लग्नसराई जवळ आली की छायाचित्रकारांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा की, महाराष्ट्रात फोटो स्टुडिओ सुरू करायला उद्यम प्रमाणपत्र (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा कागद) पुरेसे आहे. गुमास्ता (दुकाने व आस्थापना कायद्याखालचा जुना परवाना) बंद झाला असल्यामुळे दहापेक्षा कमी माणसे कामाला असतील तर काहीच काढावे लागत नाही. स्टुडिओ स्वतःच्या घरात असेल तर महानगरपालिका, वीज कंपनी किंवा सोसायटी यांना त्यात बोलण्याचा अधिकार नाही. वर्षाला वीस लाखांपर्यंत जीएसटी नाही, म्हणजे कराचा प्रश्नच नाही. आणि एकदा स्टुडिओ नोंदवला की कुठेही शूट करता येते. शेवटी ‘एजंटला पैसे देऊ नका’ असा सल्ला असतो.

हा संदेश निव्वळ थापा असता तर त्याला उत्तर देण्याची गरज पडली नसती. त्यातल्या जवळपास प्रत्येक विधानात खऱ्या नियमाचा एखादा तुकडा आहे, आणि म्हणूनच नवा स्टुडिओ काढणारा तरुण त्यावर विश्वास ठेवून जागेची ठेव भरून मोकळा होतो. गोंधळाचे मूळ एकच आहे. व्यवसायाची ओळख पटवणारा कागद, कामावर माणसे ठेवण्यासंबंधीची नोंद आणि त्या विशिष्ट जागेत धंदा करण्याची मुभा या तीन स्वतंत्र गोष्टी असून त्यांचे कायदेही वेगळे आहेत. संदेश लिहिणाऱ्याने तिन्ही एकाच प्रमाणपत्रात कोंबल्या आहेत.

उद्यम नोंदणीपासून सुरुवात करू. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी आधार आणि पॅनच्या आधारे, स्वयंघोषणेवर, विनाशुल्क होते. ती ऐच्छिक आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून मिळणाऱ्या सवलतींसाठी तिचा उपयोग होतो, आणि कंपन्यांची कामे करणाऱ्या स्टुडिओंना तर तिचा एक मोठा फायदा असतो, ज्याचा या संदेशात उल्लेखही नाही : २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल ग्राहक कंपनीने जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे. परंतु ही नोंदणी म्हणजे कोणत्याही जागेत व्यवसाय करण्याचा परवाना नव्हे. ती परवानाच आहे हा समज पसरला तो बँकेच्या काउंटरवरून. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी (ग्राहकाची ओळख पटवण्याच्या) निर्देशांनुसार एकल मालकीच्या व्यवसायाचे चालू खाते उघडताना व्यवसायाचा पुरावा म्हणून जे कागद चालतात, त्यांत उद्यम प्रमाणपत्र बसते. बँकेने ते स्वीकारले, खाते उघडले, आणि मालकाला वाटले की सरकारनेच स्टुडिओला मान्यता दिली. बँकेला एवढेच पाहायचे असते की हा व्यवसाय खरोखर अस्तित्वात आहे. तो कुठे चालतो आणि तिथे चालावा की नाही, याच्याशी त्या निर्देशांचा संबंध नाही.

गुमास्त्याबद्दलचा दावा अर्धा बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच दंड होतो. मुंबई दुकाने व संस्था अधिनियम, १९४८ गेला आणि त्याच्या जागी महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ आला. नव्या कायद्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणी आणि त्याहून लहान आस्थापनांना केवळ सूचना, अशी विभागणी केली. ‘केवळ सूचना’ म्हणजे ‘काहीच नाही’ असे संदेशकर्त्याने वाचले. प्रत्यक्षात कलम ७ नुसार लहान आस्थापनेच्या मालकाने व्यवसाय सुरू केल्यापासून ६० दिवसांच्या आत एफ नमुन्यात ऑनलाइन सूचना द्यायची असते आणि त्याची जी नमुन्यातली पावती मिळते. लोक तिलाच आजही ‘शॉप ॲक्ट’ किंवा ‘गुमास्ता’ म्हणतात. त्या पावतीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागत नाही, त्यामुळे ‘तुमचा गुमास्ता संपला आहे’ असा फोन आला तर तो कशासाठी आला असेल, हे वाचकांनी ओळखावे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा १० वरून २० कामगारांवर नेण्यास मंजुरी दिली, तेव्हा ‘छोट्या दुकानांना कायद्यातून सूट’ अशा अर्थाने ती बातमी फिरली. सूट मिळते ती नोंदणीतून आणि कायद्याच्या बऱ्याच अटींतून. सूचना देण्याचे कर्तव्य लहान आस्थापनेवर राहतेच.

या अर्जात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि छायाचित्रकार मंडळींची तिथे हटकून अडचण होते. अर्जासोबत आस्थापनेच्या नामफलकाचा फोटो जोडायचा असतो, आणि तो फलक मराठीत, देवनागरी लिपीत असावा लागतो. २०२२ च्या दुरुस्तीने ही सक्ती दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांनाही लागू झाली. दुसऱ्या भाषेतला मजकूर लिहायला हरकत नाही, पण मराठी अक्षरे त्याहून लहान असता कामा नयेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती, ती केव्हाच उलटून गेली. स्टुडिओची नावे पाहिली तर क्लिक्स, फ्रेम्स, लेन्स, पिक्सेल यांचा सुकाळ आढळतो, आणि काळ्या ॲक्रिलिकवर बारीक रोमन अक्षरे हीच सध्याची फॅशन आहे. ती फॅशन सांभाळून खाली कोपऱ्यात बोटभर देवनागरी लिहिणारे फलक या नियमात बसत नाहीत. डिझाइन छापखान्यात देण्यापूर्वीच हे ठरवलेले बरे, कारण उजळलेला फलक दोनदा करून घेणे हा दंडापेक्षाही महागडा प्रकार ठरतो.

फलकाचाच दुसरा पैलू स्थानिक परवान्याकडे नेतो. दुकानाच्या नावाची पाटी निराळी आणि रस्त्याकडे तोंड करून लावलेला, दिव्यांचा, जाहिरातवजा फलक निराळा. महानगरपालिका हद्दीत अशा जाहिरात फलकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४४ आणि २४५ खाली आयुक्तांची परवानगी लागते, आणि मुंबईत स्वतंत्र १८८८ च्या अधिनियमातील कलम ३२८ व ३२८अ लागू होतात. पुणे महापालिकेत हे काम पाहणाऱ्या विभागाचे नावच ‘आकाशचिन्ह व परवाना विभाग’ असे आहे; आकाशचिन्ह म्हणजे उंचावर लावलेला जाहिरात फलक. त्या नावातला ‘परवाना’ हा शब्दही संदेशाने गाळला आहे. काही व्यवसायांसाठी महानगरपालिका कलम ३७६ खाली स्वतंत्र व्यवसाय परवाना देते आणि मुंबईत हेच काम कलम ३९४ खाली होते. यासाठीच्या याद्या आणि शुल्क शहरागणिक बदलतात, म्हणून ‘फोटो स्टुडिओला परवाना लागतो’ किंवा ‘लागत नाही’ असे सबंध महाराष्ट्रासाठी एका ओळीत सांगणारा संदेश दोन्ही बाजूंनी चुकीचाच ठरणार. आपल्या प्रभाग कार्यालयात, नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन आपल्याच व्यवसायाचे नाव यादीत आहे का, हे पाहणे हाच मार्ग आहे. जो स्टुडिओ व्यापारी संकुलातल्या गाळ्यात आहे, त्याने महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार जानेवारी आणि जुलै महिन्यांत द्यावयाचे, आगीविरुद्धची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे बी नमुन्यातले प्रमाणपत्र इमारतीच्या वतीने कोण भरते, हेही विचारून ठेवावे.

आता घरातल्या स्टुडिओकडे वळू. या संदेशातला सर्वांत घातक मुद्दा तोच आहे, आणि सध्या नवे स्टुडिओ बहुतेक घरातच निघतात. उपनगरातला दोन बेडरूमचा फ्लॅट. त्यातली एक खोली काळ्या कापडाने झाकलेली, भिंतीला तीन पार्श्वपडदे गुंडाळून लावलेले, दोन सॉफ्टबॉक्स, नवजात बाळांच्या फोटोंसाठी उशा आणि टोपल्यांचा ढीग. बाळ कपडे बदलून शांत होईपर्यंत चार तास जातात, आणि तेवढ्या वेळात आजी-आजोबांसह सहा माणसे लिफ्टने वर येतात. ‘माझे घर, माझा कॅमेरा’ हा युक्तिवाद इथे चार वेगवेगळ्या कायद्यांवर आपटतो.

पहिला, बांधकामाच्या वापराचा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या संज्ञेत इमारतीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदलही मोडतो. म्हणजे एकही वीट न हलवता घराचे दुकान केले, तरी नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागू शकते, आणि ती मिळेल की नाही हे झोन, रस्त्याची रुंदी आणि विकास नियंत्रण नियमावली यांवर ठरते. राहणाऱ्यानेच घराच्या लहानशा भागात व्यावसायिक काम करणे आणि संपूर्ण फ्लॅट भाड्याने घेऊन तिथे फक्त स्टुडिओ चालवणे यांत नियमावली फरक करते. पहिल्याला बऱ्याच वेळा मुभा असते. दुसऱ्याला सहसा नसते.

दुसरा, करार. भाड्याच्या जागेत लिव्ह अँड लायसन्सचा करार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ‘केवळ निवासी वापरासाठी’ ही ओळ त्यात जवळजवळ नेहमीच असते. त्या ओळीवर सही करून स्टुडिओ उघडणारा भाडेकरू घरमालकाच्या हाती शस्त्र देतो. सोसायटीचे उपविधी हे निराळे प्रकरण आहे, पण सभासदाने ते स्वीकारलेले असतात, त्यामुळे ‘सोसायटीचा संबंध काय’ हा प्रश्न टिकत नाही.

तिसरा, मिळकतकर. बिगरनिवासी वापराचा दर निवासीपेक्षा जास्त असतो. पुण्यात स्वतः राहत्या घराला मिळणारी ४० टक्क्यांची सवलत त्या घरात मालक स्वतः राहतो या आधारावर दिलेली आहे. तिथे फक्त स्टुडिओ असल्याचे आढळले तर ती कशी टिकेल?

चौथा, वीज. इथे मात्र संदेशकर्त्याला थोडे श्रेय द्यावे लागेल. राज्य वीज नियामक आयोगाच्या महावितरणसाठीच्या दर आदेशांत अशी तरतूद दिसते की, घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाचा वापर महिन्याला ३०० युनिट आणि वर्षाला ३,६०० युनिटांच्या आत राहिला, तर त्याला घरगुती दर लागू राहू शकतो. घरात राहून एका खोलीत दोन दिव्यांवर पासपोर्ट फोटो काढणारा यात बसेल. दोन एसी आणि तासन्‌तास चालणारे एलईडी पॅनल असणारा बसणार नाही, आणि रिकाम्या फ्लॅटमध्ये फक्त स्टुडिओ चालवणाऱ्याला तर ‘घराचा काही भाग’ हे शब्दच लागू होत नाहीत. मंजूर कारणाखेरीज वेगळ्या कारणासाठी वीज वापरली, तर वीज अधिनियम, २००३ चे कलम १२६ लागू होते; आकारणी लागू दराच्या दुप्पट होते, आणि असा वापर केव्हापासून चालू आहे हे ठरवता आले नाही तर तपासणीपूर्वीचे १२ महिने धरले जातात. स्टुडिओच्या पहिल्या वर्षाचा नफा एका बिलात जाण्यासाठी एवढे पुरते. वेळीच अर्ज करून जोडणीचा वर्ग बदलून घेतला तर हा धोका उरत नाही.

जीएसटीच्या मुद्द्यात आकडा बरोबर आहे, पण हिशेब चुकतो. सेवांसाठी मर्यादा वर्षाला २० लाखांची एकूण उलाढाल हीच आहे. काही स्टुडिओ ४० लाखांचा आकडा सांगतात, कारण ते अल्बम आणि फ्रेम ‘विकतात’. पण ती वाढीव मर्यादा केवळ वस्तूंचा पुरवठा करणाऱ्यांसाठी आहे, फोटो काढून देणाऱ्यासाठी नाही. उलाढाल मोजली जाते ती पॅनवर. एकाच मालकाचा सांगलीतला स्टुडिओ आणि कोल्हापुरातला फ्रेमचा व्यवसाय एकत्र धरला जातो, आणि मोजायचा असतो तो आलेला सगळा पैसा. सहायकाला, ड्रोनवाल्याला आणि अल्बम छापणाऱ्याला दिलेली रक्कम वजा करून हातात उरलेला नव्हे. ‘माझी कमाई तर सहा-सात लाखच आहे’ असे सांगणारा लग्नांचा छायाचित्रकार नेमका इथे फसतो. शिवाय जीएसटी नाही म्हणजे कर नाही, हेही खरे नाही. महाराष्ट्राचा १९७५ चा व्यवसाय कर कायदा स्वतंत्र आहे. स्वयंरोजगार करणाऱ्याने पीटीईसी (व्यवसाय कराचे स्वतःच्या नावनोंदणीचे प्रमाणपत्र) घेऊन वर्षाला २,५०० रुपये भरायचे असतात, आणि पगारी माणसे असतील तर त्यांच्या पगारातून कपात करण्यासाठी पीटीआरसीचा (त्याच कराच्या, मालक म्हणून घ्यायच्या नोंदणी प्रमाणपत्राचा) विचार करावा लागतो. प्राप्तिकर वेगळाच.

‘स्टुडिओ नोंदवला की कुठेही शूट’ या शेवटच्या दाव्याला फार जागा देण्याची गरज नाही. स्टुडिओचा कोणताही कागद स्टुडिओच्या पत्त्यापुरता असतो. रायगड, जंजिरा किंवा दौलताबाद ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारके आहेत, आणि तिथे प्री-वेडिंगचे चित्रीकरण करण्यासाठी खात्याची स्वतंत्र परवानगी लागते. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपेक्षा जास्त आणि दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेसाठी उडवताना वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही, पण लग्नाचे पैसे घेऊन उडवताना लागते. मुंबईत तर पोलीस आयुक्तालय वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढते, त्यामुळे लग्नाच्या तारखेला आदेश लागू आहे का, हे ग्राहकाला होकार देण्यापूर्वी पाहावे लागते.

एजंटबद्दलचा सल्ला तेवढा खरा आहे. एफ नमुन्यातली सूचना, पीटीईसी आणि उद्यम हे तिन्ही अर्ज मालकाला स्वतःच्या मोबाइलवरून भरता येतात. लागतात ते आधार, पॅन, जागेचा पत्ता आणि मराठी फलकाचा फोटो. एजंट मदत करू शकत नाही ते जागेच्या वापराबाबत, आणि त्यासाठी ठेव भरण्यापूर्वीच नगररचना विभागात, सोसायटीच्या कार्यालयात आणि महावितरणच्या उपविभागात एकेक खेप घालावी लागते.