लाइट गेली की मॅग्नेटचं दार जाम होतं म्हणे!

इंदिरानगरच्या आत्याने काल एक व्हॉट्सअॅप मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, "आमच्या बिल्डिंगमध्ये हेच कार्डाचं दार बसवायचं चाललंय, मी तर मीटिंगला नाहीच म्हणणारे." 'सोसायटीवाल्यांनो सावधान' असं वर लिहिलेला, तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल. त्याचं म्हणणं एवढंच की लाइट गेली की कार्डाचं मॅग्नेटवालं दार जाम होतं आणि आग लागली तर सगळे आत अडकतात, तेव्हा जुनं चॅनल गेटच ठेवा आणि रात्री कुलूप घाला. शिवाय लॉबी-जिन्याच्या कामाला प्रत्येकाची सही लागते, तळमजल्यावाल्यांनी पैसे द्यायचे नाहीत, आणि कार्डं कॉपी होतात.

अहो, पहिला मुद्दा तर सरळसरळ उलटा आहे. चौकटीला इलेक्ट्रोमॅग्नेट आणि दाराला लोखंडी पट्टी, बास, एवढंच असतं ते. करंट आहे तोवर धरून ठेवतं (साधं लॉकसुद्धा २८० किलोच्या आसपास जोर सोसतं), करंट गेला की सोडतं. म्हणून तर १२ व्होल्टची बॅटरी लावतात, नाहीतर पावसाळ्यात महावितरणने एक झटका दिला की दार सताड उघडं. आता बॅटरी असली की लाइट गेल्यावरही लॉक धरूनच राहणार, हा प्रश्न खरा आहे, पण तो मेसेजवाल्याच्या डोक्यातच आलेला नाही. त्यासाठी आतून एक्झिट बटन आणि काच दाबून फोडायचं इमर्जन्सी बटन असतं, आणि त्या इमर्जन्सी बटनाने लॉकचा सप्लाय थेट तुटला पाहिजे, म्हणजे कंट्रोलर (कार्ड तपासून लॉक सोडणारा डबा) हँग झाला तरी दार उघडतं. फायर अलार्म असेल तर लॉक त्यालाही जोडून घ्यायचं.

पण डोकं फिरलं ते उपाय वाचून. आगीत अडकू नये म्हणून काय करा, तर कुलूप घाला! किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन पार्किंगच्या कोपऱ्यात झोपलेला. कितीतरी जुन्या बिल्डिंगमध्ये मीटर बोर्ड जिन्याखालीच असतो, तिथे शॉर्टसर्किट झालं की धूर त्याच जिन्याने वर चढतो, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी अंधारात चाचपडत खाली यायचं आणि समोर बघायचं तर कुलूप. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६, भाग ४, आगीपासून सुरक्षेचा, त्यात स्पष्ट आहे की बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. या एका वाक्यात तुमचं रात्रीचं कुलूप बाद होतं आणि मॅग्नेट, बटन नीट बसवलं असेल तर, पास होतं.

सह्यांचं म्हणाल तर काहीतरीच. महाराष्ट्रात सोसायट्यांसाठी जे सरकारी नमुना नियम आहेत, म्हणजे आदर्श उपविधी, त्यांप्रमाणे दुरुस्तीचा एका वेळचा खर्च २५ सभासदांपर्यंत २५ हजार, ५० पर्यंत ५० हजार आणि त्यापुढे १ लाखापर्यंत कमिटी स्वतःच करू शकते, त्यावर गेलं की सर्वसाधारण सभा, आणि तिथे बहुमत चालतं. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के जमा करायचा असतो तो कशासाठी? तळमजल्यावाल्यांचं तर सोडाच, लिफ्ट न वापरणाऱ्यालाही लिफ्टचा खर्च सारखाच भरावा लागतो, मग मेन दार तर तेही वापरतात. (जिन्याला गुळगुळीत ग्रॅनाइट घालणाऱ्या कमिट्यांना मात्र माझा विरोध आहे, ओल्या चपलेने पहिला पाय घसरला की कळेल.)

राहिली कार्डं. हो, बाबा, स्वस्तातली १२५ किलोहर्ट्झवाली कार्डं सहज कॉपी होतात, त्यात नुसता एक नंबर असतो. मग १३.५६ मेगाहर्ट्झची एन्क्रिप्टेड घ्या, आणि भाडेकरू गेला की त्याचं कार्ड त्याच दिवशी बंद करा. चॅनल गेटच्या किल्ल्या आजवर कितीजणांनी करून घेतल्या त्याचा हिशोब आहे का कुणाकडे?

आत्याला सांगितलंय, नाही म्हणू नकोस, व्हेंडरला सगळ्यांसमोर मेन स्विच बंद करून इमर्जन्सी बटन दाबून दाखवायला लाव, आणि मगच चेकवर सही होऊ दे.