‘दुरुस्तीनंतरही बोट उजवीकडेच कलते’ या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपल्या पाँटून बोटीच्या, म्हणजे कप्पे असलेल्या दोन पोकळ, हवाबंद नळ्यांवर डेक बसवलेल्या बोटीच्या, दुरुस्तीविषयी आपण येथे लिहिलेला अभिप्राय आम्ही काळजीपूर्वक वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे की, बोट उजवीकडे कलते म्हणून आपण ती आमच्या कार्यशाळेत दिली. डाव्या बाजूला वाळूची पोती ठेवून जे तासाभरात साधले असते त्यासाठी आम्ही आरगॉन वेल्डिंगचे बिल लावले, बोट ऐन हंगामात अडकवून ठेवली, आणि एवढे होऊनही तापोळ्याला पाण्यात उतरवल्यावर ती पुन्हा उजवीकडेच झुकली. हंगामात बोट किनाऱ्यावर उभी राहिली की मालकाचे किती नुकसान होते याची आम्हाला कल्पना आहे. मात्र हा अभिप्राय वाचून शिवसागर जलाशयावरील आणखी कोणी बोटमालक खरोखरच वाळूची पोती आणतील, म्हणून सविस्तर लिहिणे भाग आहे.

बोट आमच्याकडे आली तेव्हा लाइफ जॅकेटे, बॅटरी, इंधनाची टाकी असे सर्व सुटे वजन उतरवून, वारा पडलेला असताना, आम्ही डेकच्या चारही कोपऱ्यांपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजले होते. या मापांची नोंद आपल्या बिलासोबत जोडलेली आहे. सामान एका बाजूला जास्त झाले असेल तर साधारणपणे ती संपूर्ण बाजू खाली बसते आणि सामान उतरवले की बोट सरळ होते. आपली बोट रिकामी करूनही सरळ झाली नाही. उजवा मागचा कोपरा सुमारे 7 सेंटीमीटर खाली गेलेला होता, उजवा पुढचा जवळपास जागेवर होता आणि डावा पुढचा तर उलट वर उचललेला होता. वजन उजव्या नळ्याच्या मागच्या कप्प्यात आहे, हे बोट पाण्याबाहेर काढण्याआधीच यावरून कळत होते. ते किती असावे याचा अंदाजही कागदावर काढता येतो. 60 सेंटीमीटर व्यासाचा आणि 6 मीटर लांबीचा नळा निम्मा बुडालेला असताना आणखी 1 सेंटीमीटर खाली जायला गोड्या पाण्यात सुमारे 36 किलो वजन लागते. उजवा नळा सरासरी साडेतीन सेंटीमीटर खाली होता, म्हणजे जादा वजन सव्वाशे किलोच्या आसपास. बोट ट्रेलरवर घेऊन मागच्या कप्प्याचे बूच काढले तेव्हा तांबूस गाळाच्या पाण्याने 200 लिटरचे पिंप निम्म्याहून वर भरले. त्या वेळी आपले व्यवस्थापक तेथे उपस्थित होते.

‘नळ्याला कुठेही भोक नव्हते’ असे आपण लिहिले आहे. डोळ्यांना दिसेल असे भोक नव्हते, हे खरे आहे. चीर होती ती डेकचा आधार नळ्याला जेथे जोडलेला आहे त्या वेल्डच्या कडेला, केसाएवढी, आणि बोट रिकामी असताना पाण्याच्या रेषेच्या वर राहणारी. अशा चिरेतून पाणी आत कसे जाते हे समजून घेण्यासारखे आहे. किनाऱ्यावर उन्हात अॅल्युमिनियमचा नळा तापतो, आतली हवा प्रसरण पावून चिरेतून थोडी बाहेर जाते. मग माणसे चढतात, चीर पाण्याखाली जाते, नळा थंड होतो, आतली हवा आकसते आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाते. एका वेळी आत येणारे पाणी फारसे नसते, पण ते बाहेर पडायला वाट नसते आणि हे प्रत्येक फेरीत घडत राहते. म्हणूनच बोट एका दिवसात कलली नाही, हंगामभर हळूहळू कलत गेली.

तपासणीसाठी आम्ही कप्प्यात ‘सायकलच्या ट्यूबपेक्षाही कमी हवा’ भरली, या आपल्या शेऱ्याबद्दल एवढेच सांगतो की, ते मुद्दाम केलेले असते. 2 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब ऐकायला किरकोळ वाटतो, पण 60 सेंटीमीटर व्यासाच्या टोकाच्या झाकणावर त्याचा रेटा सुमारे 400 किलोचा होतो. मोटारीच्या टायरइतकी, म्हणजे 30 पीएसआय हवा भरली असती तर हाच रेटा जवळपास 6 टनांवर गेला असता आणि झाकण उडून माणूस जायबंदी झाला असता. काही ठिकाणी सरळ पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर नळ्याला लावला जातो, तसे कृपया कोणी करू नये. कमी दाबावर साबणाचे पाणी फिरवले की बारीक चिरेवरही फेस धरतो, आणि आपल्या नळ्यावर तो वेल्डच्या कडेला हाताच्या बोटाएवढ्या लांबीत धरला.

बोट अडकून राहिली ती मुख्यतः दोन कारणांनी. ओल्या, गाळ साचलेल्या अॅल्युमिनियमवर केलेले वेल्डिंग सच्छिद्र होते आणि थोड्याच काळात पुन्हा गळते, त्यामुळे कप्पा आतून पूर्ण वाळेपर्यंत थांबावे लागले. दुसरे म्हणजे वेल्डिंगनंतर दाब टिकतो की नाही हे रात्रभर पाहावे लागते. संध्याकाळी 30 अंश तापमान असेल आणि पहाटे 20, तर गळती नसतानाही काटा अर्ध्या पीएसआयने उतरतो. म्हणून सकाळी ऊन चढून तापमान पुन्हा संध्याकाळइतके होईपर्यंत आम्ही काम पुरे झाले असे म्हणत नाही.

वाळूच्या पोत्यांचा सल्ला आपल्याला ज्यांनी दिला त्यांनी बोट सरळ दिसेल एवढाच विचार केला असावा. उजवीकडे सव्वाशे किलो पाणी आणि ते तोलायला डावीकडे सव्वाशे किलो वाळू, म्हणजे प्रवासी चढण्याआधीच बोटीवर अडीचशे किलोचा बोजा, आणि गळती सुरूच. पुढच्या महिन्यात आणखी पोती लागली असती. प्रवासी नेणाऱ्या बोटीवर असे काम आम्ही करत नाही. आपण पुन्हा विचारले तरी उत्तर हेच राहील.

आता सध्याच्या कलाविषयी. दुरुस्तीनंतर रिकाम्या बोटीचा डावी-उजवीकडील फरक 1 सेंटीमीटरच्या आत होता, ही नोंदही आपल्याकडे आहे. आपण अभिप्रायासोबत दिलेल्या छायाचित्रात उजव्या कठड्याला लागून जनरेटर, त्याच्या शेजारी दोन मोठ्या बॅटऱ्या आणि बर्फाची पेटी दिसते. यांतील एकही वस्तू बोट आमच्याकडे होती तेव्हा तिच्यावर नव्हती. सुकाणूही उजवीकडेच असल्याने चालकाचे वजन त्याच बाजूला पडते. छायाचित्रात बोट मागून बसलेली नसून पुढून-मागून सारखीच उजवीकडे उतरलेली आहे, म्हणजे हा कल पूर्वीच्या कलापेक्षा वेगळा आहे. बॅटऱ्या आणि जनरेटर डाव्या बाजूला, शक्यतो मध्याजवळ हलवल्यास बोट सरळ व्हावी असे आमचे मत आहे.

तरीही शंका राहू नये म्हणून बोट ट्रेलरवर घ्याल तेव्हा उजव्या मागच्या कप्प्याचे बूच आपल्या माणसांसमोर उघडून पाहावे. आत वाटीभरही पाणी निघाले तर तो वेल्ड आम्ही स्वखर्चाने पुन्हा करून देऊ आणि वाहतुकीचा खर्चही आमचा असेल. कप्पा कोरडा निघाल्यास आमचा माणूस तापोळ्याला येऊन, सामान लावलेल्या स्थितीत चारही कोपरे मोजून, कोणती वस्तू कोठे ठेवावी हे डेकवर खुणा करून देईल. त्याचे पैसे घेतले जाणार नाहीत. फक्त येण्याची वेळ सकाळची, वारा सुटण्याआधीची ठेवावी, ही विनंती.

आपले,
कार्यशाळेचे मालक