तिचा फोन काढून घेण्याआधी

दरवर्षी आंतरशालेय स्पर्धा जवळ आल्या की कुणा ना कुणा मुलीची आई मला बाजूला घेऊन हळूच सांगते, "टीचर, तिचें लक्ष ना आतां." लक्ष नाही म्हणजे काय, ते पुढच्या दोन वाक्यांत कळतं. तिठ्यावर कुणीतरी तिला एका मुलाशी बोलताना पाहिलेलं असतं. मग ठरलेला उपाय. फोन बंद, मैत्रिणींकडे जाणं बंद आणि चवथ (गणेशचतुर्थी) येईपर्यंत नेटबॉलही बंद. मी फोंडा तालुक्यात शारीरिक शिक्षण शिकवते, रोज या मुलींबरोबर मैदानावर असते, म्हणून आज स्पष्टच लिहिते. सोळा-सतरा वर्षांची मुलगी कुणी आवडायला लागला म्हणून खेळ सोडत नाही. ते लपवता लपवता तिची दमछाक होते आणि खेळ सुटतो.

नेटबॉल ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लांबून बास्केटबॉलसारखा वाटतो, पण इथे चेंडू आपटत पळता येत नाही. हातात आला की तीन सेकंदांच्या आत तो दुसरीकडे गेलाच पाहिजे. संघात सात जणी, प्रत्येकीच्या अंगावरच्या बिबवर तिच्या जागेची अक्षरं, आणि प्रत्येकीला कोर्टचा ठरावीक भागच मोकळा. गोल करायचा हक्क फक्त गोल शूटर आणि गोल अटॅक या दोघींना. सेंटर जवळजवळ सगळीकडे धावते, पण गोलच्या अर्धवर्तुळात तिलाही पाय टाकता येत नाही. त्यामुळे एकटीच्या जिवावर मॅच काढणारी मुलगी या खेळात होऊच शकत नाही. आणि म्हणूनच कुणाचं कुणाशी बिनसलंय ते इथे लगेच दिसतं.

मागे आमच्या संघातली सेंटर आणि गोल अटॅक एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. दोघी लहानपणापासून एका वाड्यावर वाढलेल्या. सराव सामन्यात गोल अटॅक अर्धवर्तुळाच्या कडेला अगदी मोकळी, हात वर. सेंटरने तिच्याकडे पाहिलं, मान वळवली आणि विंग अटॅकच्या जागेवरची मुलगी मोकळी होते का ते बघत राहिली. शिट्टी. तीन सेकंद झाले होते. बघणाऱ्यांना ती साधी चूक वाटली असेल. बाकावर बसलेल्या मुलींनी मात्र खाली माना घातल्या.

दोघींना समोर बसवलं तेव्हा कारण कळलं. सेंटर हल्ली सराव संपल्यावर मैत्रिणीसाठी न थांबता आधीच्या बसने जायची, कारण त्या बसला एक मुलगा असायचा. गोल अटॅक रडत म्हणाली, "ती त्याच्याबरोबर जाते याचा मला राग नाही, टीचर. मला सांगितलं नाही याचा आहे." आणि का सांगितलं नव्हतं? तर दोघींच्या आया रोज भेटतात. मैत्रिणीला माहीत असतं तर आधी तिलाच विचारलं गेलं असतं, आणि तिला खोटं बोलावं लागलं असतं. घरातली भीती अशी बसस्टॉपवरून कोर्टवर येते आणि मोकळ्या मुलीकडे चेंडू जात नाही.

पालकांची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. रात्री दीड-दोनपर्यंत चॅटिंग चालतं आणि त्याची किंमत शरीर मोजतं. नेटबॉलमध्ये हवेत चेंडू झेलून उतरल्यावर पुढे धावत जायची मुभा नाही, जवळपास जागच्या जागी थांबावं लागतं. तो सगळा भार घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. गुडघ्यातली हाडं धरून ठेवणारा एसीएल हा लिगामेंट (अस्थिबंध) फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो. झोप न झालेली मुलगी वाकडी उतरते, हे मी डोळ्यांनी पाहते. म्हणून मी सरावाआधी तिला "कोण आहे तो?" असं विचारत नाही. "किती वाजता झोपलीस?" एवढंच विचारते. खरं उत्तर मिळतं, आणि त्या दिवशी तिला उड्या मारायला लावायच्या की नुसता गोलवर नेम धरायचा सराव द्यायचा, ते ठरवता येतं. फोन रात्री बैठकीच्या खोलीत ठेवायचा नियम घरातल्या सगळ्यांसाठी करा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण फोन सरसकट काढून घेतलात, तर सरावाच्या वेळा आणि निवड चाचणीचा निरोपही त्याच फोनवरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो. चाचणी हुकते आणि आपण म्हणतो, बघा, लक्षच नव्हतं.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. वर्गातल्या मुलाशी बोलली म्हणून जी मार खाते, ती उद्या एखाद्या मोठ्या माणसाने, प्रशिक्षकाने किंवा पदाधिकाऱ्याने घाणेरडा मेसेज पाठवला तर घरी सांगेल का? मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 पासून आहे, पण तक्रार करायला आधी मुलीचं तोंड उघडावं लागतं. 2023 साली आपल्या महिला कुस्तीपटू लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. एवढं नाव कमावलेल्या बायकांना न्यायासाठी रस्त्यावर यावं लागलं, तिथे आमच्या अकरावीतल्या मुलीने कुणाच्या भरवशावर बोलावं? घरच्यांच्या भरवशावरच ना?

"आणि नेटबॉलात आहे काय एवढं?" असंही विचारतात. हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही, हे खरं. राष्ट्रकुल स्पर्धांत तो 1998 पासून आहे, 2010 ला दिल्लीत भारताचा संघ खेळला, आणि 2023 मध्ये 37 व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्या गोव्यात झाल्या तेव्हा त्यातही नेटबॉल होता. तरी यातून पोट भरेल असं खोटं आश्वासन मी कुणाला देत नाही. पण राज्याच्या संघाचा ड्रेस अंगावर चढवायचं स्वप्न घेऊन एखादी मुलगी पावसात ओल्या बुटांनी सरावाला येते, ते तिचं स्वतःचं आहे. दुसऱ्या कुणाला ती आवडली म्हणून ते हिरावून घेऊ नका. तो मुलगाही बहुतेक वेळा फुटबॉल खेळणाराच असतो. त्याच्या घरी कुणी त्याचे बूट लपवून ठेवत नाही.

मुलांनाही मी सांगतेच. तिची मॅच असेल त्या दिवशी "माझ्यासाठी ये" म्हणून रुसायचं नाही. आवडत असेल तर मॅच बघायला या, सगळ्यांसमोर बसा, संपल्यावर दोन्ही संघांसाठी टाळ्या वाजवा आणि घरी जा.

येत्या शनिवारी आमच्या संघाच्या पालकांची बैठक ठेवली आहे, सकाळच्या सरावानंतर. यंदा फक्त आयांना नव्हे, वडिलांनाही आवर्जून बोलावलंय. ज्यांची कारखान्यात शिफ्ट असेल त्यांनी मला आधी कळवा, मी संध्याकाळी वेगळी वेळ देईन. मुलीही बसतील. जे काही विचारायचं ते त्यांच्यादेखतच विचारा.