सरकारी रुग्णालयाला परवाना का नको?

महाराष्ट्रात रुग्णालयाला आग लागली की दुसऱ्या दिवशीची मागणी ठरलेली असते: मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवा. डॉक्टरांच्या संघटनांचं उत्तरही ठरलेलं: आधीच कायद्यांचा जाच कमी आहे का? इंग्लंडमध्ये बसून हा वाद वाचताना दोन्ही बाजूंनी टाळलेली गोष्ट डोळ्यांत भरते.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून १० बाळं दगावली. खासगी रुग्णालयांना लागू असलेला १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा तिथे लागूच नव्हता. सरकार आणि स्थानिक संस्थांची रुग्णालयं त्यातून वगळलेली आहेत. दहा खाटांच्या खासगी रुग्णालयाने दर तीन वर्षांनी नूतनीकरण करायचं, आणि जिल्ह्यात ज्यांच्याकडे ही तपासणी येते ते जिल्हा शल्यचिकित्सक ज्या रुग्णालयाचे प्रमुख, त्याला नोंदणीच नाही! केंद्राच्या २०१० च्या वैद्यकीय आस्थापना कायद्यात सरकारी रुग्णालयंही येतात, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. शिवाय त्यात विनानोंदणीला तुरुंग नाही: दंड पहिल्यांदा ५० हजारांपर्यंत, दुसऱ्यांदा २ लाख, पुढे ५ लाख. साखळी रुग्णालयांना हे आकडे किरकोळच.

इंग्लंडमध्ये २००८ च्या कायद्याने एनएचएस ट्रस्टलाही, म्हणजे सरकारी रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थेलाही, केअर क्वालिटी कमिशन या देखरेख करणाऱ्या आयोगाकडे नोंदणी करावी लागते. विनानोंदणी सेवा दिली तर दंडाला वरची मर्यादा नाही, तुरुंगवास १२ महिन्यांपर्यंत. नोंदणी असून असुरक्षित उपचारांमुळे टाळता येण्याजोगी इजा झाली, तर आयोग स्वतः खटला भरतो. नॉटिंगहॅमच्या ट्रस्टला प्रसूती विभागातल्या चुकांसाठी २०२३ मध्ये ८ लाख पौंड आणि २०२५ मध्ये १६ लाख पौंड दंड झाला. आता हा पैसा शेवटी करदात्यांचाच, रुग्णसेवेतूनच वजा होतो. त्यामुळे या आकड्यांवर मी भाळत नाही. खरं काम खटल्याच्या आधी होतं. मुदतीची ताकीद, मग नोंदणीवर अटी, आणि जिवाला धोका दिसला तर तातडीच्या अधिकारात नवे रुग्ण घेणं ताबडतोब बंद. खटल्यालाही मुदत आहे: पुरेसा पुरावा हाती आल्यापासून १२ महिने, आणि गुन्ह्यापासून फार तर ३ वर्षं.

आपल्याकडे कडक शिक्षा नाहीच असं मात्र नाही. गर्भलिंग निदानाच्या कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद ठेवणाऱ्या ‘फॉर्म एफ’मधली त्रुटीही, उलट सिद्ध होईपर्यंत, मूळ गुन्ह्याइतकीच धरली जाते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कायम ठेवली. सोनोग्राफी करणाऱ्यांची तक्रार समजते, पण ती मला पटत नाही. लिंग तोंडी सांगितलं जातं, मागे कागद उरतो तो एवढाच.

म्हणून नव्या कलमांपेक्षा आधी १९४९ च्या कायद्यातली सरकारी रुग्णालयांची सूट काढा. तपासणी जिल्हा शल्यचिकित्सकांऐवजी अशा अधिकाऱ्याकडे द्या, जो स्वतः कुठलंही रुग्णालय चालवत नाही. त्याला अतिदक्षता विभागातल्या खाटा त्याच दिवशी बंद करण्याचा अधिकार द्या, आणि अहवाल पोर्टलवर टाकणं सक्तीचं करा, भंडाऱ्याच्या रुग्णालयाचाही.