‘मोकळी’ म्हणजे किती मोकळी?

काल रात्री लालबागच्या कट्ट्यावर विषय निघाला तो संज्याच्या बाबांच्या, गिरणी कामगारांना मिळणाऱ्या घराच्या फॉर्मवरून. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. 1982 च्या संपात बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत.

“आता शेलू-वांगणीला घर देणार म्हणे,” संज्या म्हणाला. “बदलापूरच्याही पुढे!”

“मग काय परळला देणार? मुंबईत जागा आहे कुठे?” मंग्या.

झालं, अण्णा पेटले. कटिंगमध्ये बोट बुडवून त्यांनी कट्ट्याच्या दगडावर चौकोन काढला. “ही गिरणी. 1991 चा नियम काय? गिरणीच्या जागेवर नवं काही उभं करायचं, तर एक हिस्सा पालिकेला मैदानासाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. बरोबर? 2001 ला सरकारने एवढंच केलं, वाटणी फक्त मोकळ्या जागेची.” मग चौकोनात शेड आली, गोदाम आलं, चिमणी आली. कोपऱ्यात बोटभर दगड कोरडा राहिला. “कर आता ह्याचे तीन भाग.”

गिरणीत मोकळी जागा असते कुठे? आणि शेड पाडल्यावर जी मोकळी होते ती ‘मोकळी’ धरायची नाही, हे माझ्या डोक्यात आजही शिरत नाही. हायकोर्टाच्याही नव्हतं शिरलं; पण 2006 ला सुप्रीम कोर्टाने बदललेला नियमच कायम केला.

मंग्या मागे हटणारा नव्हे. “अण्णा, जुन्या नियमाने दहा वर्षांत हाती काय लागलं ते सांगा. दोन हिस्से सोडायचे म्हटल्यावर मालकांनी कुलूपच काढलं नाही. कामगारांची थकलेली देणी कुठून देणार होते?”

ह्यात खोटं काही नाही, म्हणूनच अण्णा चिडले. “देणी द्यायची तर द्या की! त्यासाठी म्हाडाचा हिस्सा कशाला कापायचा? गरिबांनी इथे राहू नये असं कुठल्या नियमात लिहिलंय? लिहावंच लागत नाही रे. एक शब्द घातला की पुरे.”

गिरणी कामगारांच्या 2012 च्या सोडतीत घरं होती 6925, सव्वादोनशे चौरस फुटांची. अर्ज दीड लाखांच्या घरात. संज्याचा नंबर तेव्हाही नव्हता लागला.

“फॉर्मची पावती आहे ना रे जपून?” मंग्यानेच विचारलं.

“आईच्या ट्रंकेत. बाबांच्या गेटपासबरोबर.”