मूकपटात आप्पा बोलतात

आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मूकपटाला न्यायची कल्पना माझीच. कानाला मशीन आहे, तेव्हा ज्यात कुणी बोलतच नाही असा सिनेमा त्यांना बरा पडेल, हा माझा हिशोब. बायको फक्त "बघ बुवा" म्हणाली. लग्नाला २२ वर्षं झाली, पण त्या दोन शब्दांचा अर्थ मला अजून वेळेवर लागत नाही.

चॅप्लिनचा १९२५ सालचा 'द गोल्ड रश', आणि पडद्याखाली मुंबईहून आलेला चाळीसेक वादकांचा ताफा. नाशकात असा योग रोज येत नाही. आप्पांना मात्र त्याचं काही नव्हतं. गंगापूर रोडच्या सिग्नलपासूनच सुरू झाले, "आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ ला लागला, तेव्हा तुमचा हा चार्ली सिनेमात आलासुद्धा नव्हता!" जणू चार्ली माझ्या माहेरचा.

तिसऱ्या रांगेत बसलो. अंधार झाला, पडद्यावर इंग्रजी पाटी आली आणि आप्पांनी ती खणखणीत आवाजात वाचली. स्वतःचा आवाज त्यांना कमी ऐकू येतो, म्हणून तो सगळ्या सभागृहाला जास्त येतो. वर शेजारच्या आजींसाठी भाषांतर : "भूक लागलीये म्हणतोय." मागून कुणीतरी म्हणालं, "काका, जरा हळू." त्याच्याही मागून दुसरा : "वाचू द्या हो, पाट्या फार पटकन जातात!" आता यावर काय बोलणार? पूर्वी पेटी-तबल्याच्या साथीवर मूकपट चालायचे तेव्हाही पाट्या मोठ्यांदा वाचणारे असायचेच. आप्पा परंपरा चालवत होते. घाम मला फुटत होता.

मग तो बूट आला. बर्फात उपाशी चार्ली स्वतःचा बूट उकडतो, नाड्या शेवयांसारख्या काट्याला गुंडाळतो, तळव्याचे खिळे हाडकासारखे चोखतो. (खरं तर तो बूट ज्येष्ठमधाचा केलेला होता.) वाद्यं अगदी हलकी झाली. नेमक्या त्या क्षणी आप्पांना भूक लागली आणि चिवड्याची पुडी निघाली.

कर्र. कर्रर्र. मी हात धरला तसं त्यांनी कानावर तळवा ठेवला, "काय म्हणालात, जावईबापू?" तळव्याखाली मशीन शिट्टी मारायला लागलं. बारीक, लांब, आणि दुर्दैवाने सुरात. कंडक्टरने वळून फ्लूटवाल्याकडे असं पाहिलं, की त्या बिचाऱ्याने मांडीवरचा फ्लूट दोन्ही हातांनी उचलून दाखवला. वादकांची पाठ पडद्याकडे, तोंड आमच्याकडे. चार्ली त्यांना दिसतच नव्हता. दिसत होते आप्पा. व्हायोलिनची अख्खी एक रांग खाली मान घालून गदगदत होती.

खेळ सुटल्यावर मी पार्किंगकडे तरातरा निघालो. पण फ्लूटवाला शोधत आलाच. माफीची वाक्यं मी मनात जुळवत होतो.

"काका, इतक्या वेळा वाजवलं, पण आम्हाला काही दिसत नाही. त्या बुटाच्या जागी लोक एवढे का हसतात?"

आप्पांनी उरलेला चिवडा त्याच्या हातावर ओतला, काठी माझ्याकडे दिली आणि खाली वाकून स्वतःच्या चपलेला हात घातला.