खुलासा : सिम्युलेशन क्रेन चालवत नाही

‘बंदरात सिम्युलेशन आलं की क्रेन आपोआप चालणार, ऑपरेटर घरी बसणार, गेटवरची रांगही गायब’ असा मेसेज ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे.

माणसाविना गाड्या चालवणं म्हणजे ऑटोमेशन. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराच्या एका टर्मिनलवर 1993 पासून चालकाविना कंटेनर वाहिले जातात. सिम्युलेशन एकही डबा उचलत नाही. ट्रक कधी येतात, कागद तपासायला किती वेळ जातो, यार्डातली क्रेन एक डबा उतरवायला किती मिनिटं घेते, हे आकडे संगणकात भरायचे आणि ‘असं केलं तर काय होईल’ ते पाहायचं, एवढंच. तंत्र नवंही नाही. ब्रिटनमध्ये कीथ टोचर यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीस ते पोलाद कारखान्यांसाठी उभं केलं.

रांगेचं म्हणाल, तर हिशेब बघा. गेटची एकच खिडकी तासाला सरासरी 10 ट्रक सोडू शकते आणि येतात 8. येण्याच्या आणि तपासणीच्या वेळा बेभरवशाच्या असतील, तर रांग आणि तपासणी धरून एका ट्रकचा गेटवर सरासरी अर्धा तास जातो. तासाला 9 यायला लागले की पूर्ण तास. ट्रक एकच वाढला, वेळ दुप्पट! म्हणून मॉडेल, म्हणजे संगणकातलं हे नकली बंदर, कधी कधी नवी क्रेन न सुचवता ट्रकना वेळा वाटून द्यायला सांगतं. ते कोणी अमलात आणलं नाही, तर रांग जिथल्या तिथे. शिवाय मॉडेलमध्ये शिफ्ट बदलायची वेळ भरायला विसरलात, तर पडद्यावरचं गेट झकास चालतं आणि रस्त्यावर ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसतात.

ऑपरेटरांच्या नोकऱ्यांची काळजी खरी आहे, पण तो प्रश्न ऑटोमेशनच्या निविदा निघतात तेव्हा विचारायचा.